४१२ फायली एमपी४ करायच्या आहेत? आधी त्यांचे ढीग वेगळे करा

तुमची अडचण मला समजली ती अशी. वडिलांनी १९९९ पासून २०१४ पर्यंत केलेली घरची चित्रणं एका हार्ड डिस्कवर आहेत: लग्नं, बारशी, गावची यात्रा. एकूण ४१२ फायली, जवळजवळ ७०० जीबी. त्यात एव्हीआय आहेत, एमटीएस आहेत, डीव्हीडीवरून उतरवलेल्या व्हीओबी आहेत, थोड्या एमओव्ही आणि ३जीपी आहेत. सगळं एमपी४ करून पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर आईला दाखवायचं आहे. कुणीतरी दिलेली एका ओळीची एफएफएमपेगची (कमांड टाइप करून चित्रणाचं रूपांतर करणारा प्रोग्राम) लूप, म्हणजे एकामागून एक सगळ्या फायलींवर तीच कमांड चालवणारी ओळ, तुम्ही दोन रात्री चालवलीत. हाती आलेल्या एमपी४ फायलींमध्ये हलणाऱ्या माणसांच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात, तीन लग्नांना आवाज नाही, आणि मोजल्या तर फायली २८७च भरल्या. तेव्हा तुम्हाला आता ‘बरोबर कमांड’ हवी आहे.

मी साताऱ्यात अठरा वर्षं हेच काम करतो. लोकांच्या कॅसेट, डीव्हीडी, जुनी कार्डं घेऊन त्यातलं चित्रण आजच्या यंत्रांवर चालेल असं करून देतो. या सगळ्या फायलींना लागू पडेल अशी एक कमांड नाही, आणि ती शोधण्यात वेळ घालवू नका. तुमच्याकडे निदान चार वेगवेगळी कामं आहेत आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या ढिगाला बहुधा रूपांतराची गरजच नाही.

एक खुलासा. खाली पर्यायांची नावं मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजीतच लागतात. कोणता पर्याय का लागतो हे कळलं की त्याची नेमकी जोडणी एफएफएमपेगच्या मदतपानावर सापडते. उलट तयार ओळ चिकटवली की तुमच्या त्या दोन रात्रींसारखं होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. टीव्ही किती जुना आहे, या चित्रणातून पुढे काही संपादन करायचं आहे का, आणि मूळ ७०० जीबी जपून ठेवायला दुसरी डिस्क आहे का? मी धरून चालतो की टीव्ही साधारण दहा वर्षांतला आहे, संपादन करायचं नाही, आणि मूळ फायली तुम्ही पुसणार नाही. यातलं शेवटचं गृहीत खोटं असेल तर आधी डिस्क विकत घ्या, मग पुढचं वाचा.

एमपी४, एव्हीआय, एमओव्ही, एमटीएस ही सगळी डब्यांची नावं आहेत. डब्याच्या आत चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचे एक किंवा जास्त असतात, कधी सबटायटलचा असतो, आणि हे प्रवाह कोणत्या पद्धतीने दाबून भरलेत ते डब्याच्या नावावरून नेहमी कळत नाही. टीव्हीचं भांडण कधी डब्याशी असतं, कधी आतल्या मालाशी. डबा बदलायला काही मिनिटं लागतात आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. आतला माल पुन्हा एन्कोड करायचा, म्हणजे उलगडून परत दाबून भरायचा, तर तासन् तास जातात आणि दर वेळी थोडा दर्जा कमी होतो. तुमच्या लूपमध्ये फक्त आत येणारी फाइल आणि बाहेर जाणारं नाव होतं. एवढंच सांगितलं तर एफएफएमपेग प्रत्येक फाइल सरसकट पुन्हा एन्कोड करतं, मग तिला गरज असो वा नसो.

म्हणून पहिलं काम पाहणीचं. एफएफएमपेगबरोबरच एफएफप्रोब नावाचं साधन येतं. त्याला सगळ्या फायलींवरून फिरवा आणि प्रत्येकीचं नाव, चित्राचा कोडेक (दाबण्याची पद्धत), रुंदी-उंची, फील्डचा क्रम (तो काय ते पुढे एव्हीआयच्या ढिगात येईल), आवाजाचे किती प्रवाह आणि कोणत्या कोडेकचे, आणि एकूण कालावधी हे एका मजकूर फाइलीत उतरवून घ्या. ती एक्सेलमध्ये उघडून चित्राच्या कोडेकप्रमाणे लावा. ४१२ फायलींना पाच-दहा मिनिटं लागतील. हा तक्ता पुढे तपासणीलाही लागतो, तेव्हा तो जपून ठेवा.

आता ढीग.

एमटीएस फायली एव्हीसीएचडी पद्धतीच्या. सोनी आणि पॅनासॉनिकने ती २००६ मध्ये आणली आणि नंतर हँडीकॅम बहुतेक त्यातच चित्रण करू लागले. यांच्या आत चित्र एच.२६४ या कोडेकमध्येच असतं, म्हणजे एमपी४ मध्ये तुम्हाला जे हवं आहे तेच. इथे चित्राला ‘कॉपी’ सांगायचं, एन्कोड करायचं नाही. आवाज बहुधा डॉल्बीचा एसी-३ असतो. तो टीव्हीवर चालतो पण बऱ्याच फोनवर चालत नाही, म्हणून मी तेवढा एएसी या आवाजाच्या कोडेकमध्ये १९२ किलोबिटवर करून घेतो. तासाभराचं चित्रण काही मिनिटांत होतं. आडव्या रेषांची चिंता या ढिगात करू नका. चित्र जसंच्या तसं राहिलं की ते इंटरलेस्ड (एका चौकटीत दोन क्षण, पुढे सांगतो) आहे ही खूणही आतच राहते आणि टीव्ही त्याची जुळणी स्वतः करतो. तुमच्या लूपने ती खूण न जपता पुन्हा एन्कोड केलं, तिथे फणी उमटली.

याच ढिगात दोन खाचखळगे आहेत. सगळे प्रवाह घ्या असं सांगण्यासाठी ‘मॅप शून्य’ वापरायचा सल्ला तुम्हाला मिळेल. काही हँडीकॅम तारीख-वेळ दाखवण्यासाठी सबटायटलचा एक चित्ररूप प्रवाह ठेवतात, तो एमपी४ च्या डब्यात मावत नाही आणि काम तिथेच थांबतं. म्हणून चित्राचा प्रवाह आणि आवाजाचे सगळे प्रवाह असे नाव घेऊन निवडा. आवाजाच्या निवडीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं की आवाज नसलेली फाइल आली तरी गाडी अडत नाही. दुसरं, लांब चित्रण कॅमेऱ्याने २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडलेलं असतं. ते तुकडे आधी क्रमाने जोडा, मग डबा बदला. सुटे सुटे बदललेत तर ऐन मंगलाष्टकांत सांध्यावर आवाज तुटतो.

एमओव्ही नाव पाहून गाफील राहू नका. फोनच्या एमओव्हीत बहुतेक एच.२६४ आणि एएसी असतं, तिथे दोन्ही कॉपी. पण त्या काळातल्या फोटोच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या एमओव्हीत मोशन जेपेग चित्र आणि पीसीएम (न दाबलेला) आवाज सापडतो. ती फाइल पुन्हा एन्कोड करावीच लागते. म्हणून तर तक्ता.

व्हीओबी म्हणजे डीव्हीडीचं पोट. आत एमपेग-२, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी. डीव्हीडीवर एकच लग्न साधारण १ जीबीच्या अनेक व्हीओबींत तोडलेलं असतं. शेवटी शून्य असलेली व्हीओबी मेनूची असते, ती वगळा आणि बाकीच्या एकामागे एक जोडून एकच एमपीजी फाइल करा. ती आधी टीव्हीवर लावून बघा. कित्येक टीव्ही एमपेग-२ विनातक्रार दाखवतात, आणि दाखवलं तर या ढिगाचं काम तिथेच संपलं. तुमच्या आवाज हरवलेल्या तीन फायली याच ढिगातल्या असाव्यात असं मला वाटतं. लग्नाच्या डीव्हीडीची सुरुवात बऱ्याचदा गणपतीच्या चित्राने आणि वधूवरांच्या नावांनी होते आणि तिथे आवाजाचा प्रवाह सुरूच झालेला नसतो. एफएफएमपेग फाइलीचा सुरुवातीचा थोडासा भाग पाहून आत कोणते प्रवाह आहेत हे ठरवतं. तेवढ्यात आवाज दिसला नाही तर त्याच्या लेखी आवाज नाहीच. ‘प्रोबसाइज’ आणि ‘अ‍ॅनलाइझड्युरेशन’ हे दोन पर्याय भरपूर वाढवून आत येणाऱ्या फाइलीच्या आधी लिहा. आधी, हे महत्त्वाचं. एफएफएमपेगमध्ये पर्याय कुठे लिहिला यावर तो कुणाला लागू होतो हे ठरतं.

खरी मेहनत एव्हीआयच्या ढिगात आहे. १९९९ पासूनच्या, म्हणजे मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेल्या डीव्ही फायली असणार. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा खाल्ली असेल तर त्याच. या टीव्हीवर चालत नाहीत, त्यामुळे एन्कोड करणं भाग आहे. इथे मी काय करतो आणि का, ते सविस्तर सांगतो.

जुना कॅमेरा एका चौकटीत दोन वेगळे क्षण टिपतो. विषम ओळींवर एक, सम ओळींवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरचा दुसरा. हेच इंटरलेसिंग, आणि यातला प्रत्येक क्षण म्हणजे एक फील्ड. दोन्ही एकत्र दाखवले की हलणाऱ्या वस्तूला फणी येते. ती काढायला ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ हा फिल्टर वापरा. तो मुळातच प्रत्येक क्षणाची वेगळी चौकट करतो, म्हणजे २५ च्या ५० चौकटी होतात आणि लेझमीची हालचाल वडिलांनी पाहिली तशी सलग दिसते. जुना ‘याडिफ’ फिल्टर वेगळं सांगितलं नाही तर २५ च ठेवतो आणि निम्म्या क्षणांची हालचाल गमावतो. कोणता क्षण आधीचा हेही बघा. पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीत खालची फील्ड आधी असते, डीव्हीडीत बहुधा वरची. क्रम उलटा लागला तर माणसं पुढे-मागे थरथरतात, ते डोळ्यांना लगेच कळतं.

एन्कोडर एच.२६४ चा, म्हणजे ‘लिबएक्स२६४’. एच.२६५ ने जागा वाचते, पण टीव्हीचा भरवसा नसताना मी सुचवत नाही. दर्जा सीआरएफने ठरवा, ठरावीक बिटरेटने (दर सेकंदाला किती डेटा) नाही. सीआरएफ म्हणजे ‘एवढा दर्जा राख, जागा लागेल तेवढी घे’. काही न सांगितल्यास तो २३ असतो. आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त, आणि सहा अंकांच्या फरकाने फाइल अंदाजे दुप्पट किंवा निम्मी होते. घरच्या डीव्ही चित्रणाला मी १८ ते २० ठेवतो. कारण मंडपातल्या अपुऱ्या उजेडात चित्रावर बारीक दाणे असतात आणि २३ वर ते पुसताना चेहऱ्यांचं मेण होतं. प्रीसेट, म्हणजे एन्कोडरने किती सावकाश काम करायचं ते, ‘स्लो’. जास्त हळू प्रीसेटने मला तरी घरच्या चित्रणात फरक दिसलेला नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरने काम कितीतरी लवकर होतं. पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते, आणि हे काम तुम्ही एकदाच करणार आहात. प्रोसेसरलाच करू द्या. चार फायली एकदम लावायचाही मोह टाळा. लिबएक्स२६४ एकाच फाइलीसाठी प्रोसेसरचे अनेक कोअर वापरतं, त्यामुळे फायदा थोडाच होतो आणि लॅपटॉप तापतो.

पिक्सेल प्रकार ‘वायूव्ही ४२० पी’ असा स्पष्ट लिहा. भारतातल्या पाल कॅसेटना त्याने फरक पडत नाही. पण अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथून पाठवलेली एखादी कॅसेट या ढिगात असेल तर ती एनटीएससी, म्हणजे तिथल्या टीव्हीच्या पद्धतीची, असते आणि तिची रंगांची मांडणी वेगळी असते. तुम्ही काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग जवळचा प्रकार स्वतः निवडतं, तो संगणकावर छान दिसतो आणि टीव्ही उघडत नाही. मुलगी-जावई तिकडे असलेल्या घरांच्या कामात ही अडचण मला बऱ्याच वेळा आली आहे. अशा फायलीची २९.९७ ची गती २५ करू नका, आहे तशी ठेवा.

मोठं करून ‘एचडी’ करू नका. ७२० बाय ५७६ मध्ये जे नाही ते १०८० मध्ये येणार नाही, फाइल तेवढी फुगेल. एकच अपवाद: टीव्ही माणसं आडवी किंवा उभी ताणत असेल तर ४:३ चित्रण ७६८ बाय ५७६ करून चौरस ठिपक्यांची खूण घाला.

३जीपी या तुमच्या सर्वांत लहान फायली. चित्र बहुतेक एच.२६३, आवाज एएमआर. दोन्ही एन्कोड करा, सीआरएफ १८, आकार मूळचा. एका फाइलीला सेकंद लागतात.

कोणताही ढीग पूर्ण चालवण्याआधी त्यातल्या एका फाइलीचं एकच मिनिट काढून बघा. मिनिट निवडताना सगळ्यात अवघड जागा घ्या. माझी ठरलेली जागा अक्षतांची आहे. ‘शुभमंगल सावधान’ झालं की पूर्ण चौकटीत शेकडो दाणे उडतात, सगळे हलतात, वर मांडवातले दिवे. एन्कोडरची तिथेच परीक्षा होते. यात्रेतला गुलालही तसाच. तिथे चौकोन पडले नाहीत तर बाकी लग्न सुखरूप आहे. हे मिनिट संगणकावर न बघता आईच्या टीव्हीवरच, त्याच पेन ड्राइव्हवरून बघा. लागलेल्या वेळाला ढिगातल्या एकूण मिनिटांनी गुणलं की किती रात्री लागतील तेही कळतं.

आता हरवलेल्या १२५ फायली. एव्हीसीएचडी कॅमेरा नव्या कार्डावर पुन्हा ००००० पासून नावं देतो, आणि प्रत्येक डीव्हीडीवरच्या पहिल्या व्हीओबीचं नाव तेच असतं. तुमच्या लूपने सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवलं आणि विचारल्याशिवाय वर लिहायची परवानगीही दिली होती. म्हणजे २००९ चं बारसं २०११ च्या लग्नाखाली पुसलं गेलं. मूळ फायली शाबूत आहेत, त्यामुळे नुकसान काही नाही. या वेळी बाहेरच्या नावात मूळ फोल्डरचं नाव आणि मूळ विस्तारही घाला, आणि वर लिहायचा पर्याय काढून टाका.

पण ‘असेल तर वगळ’ हा उलटा पर्यायही सांभाळून वापरा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाच्या ६० कॅसेटचं काम रात्रभर लावलं होतं. पहाटे वीज गेली. सकाळी लूप पुन्हा सुरू केली, झालेल्या फायली तिने वगळल्या, उरलेल्या केल्या, आणि मी काम पोहोचवलं. वीज गेली त्या क्षणी जी फाइल चालू होती ती अर्धवट पडली होती, आणि लूपच्या दृष्टीने ती ‘झालेली’. एमपी४ चं अनुक्रमणिकेसारखं कोष्टक शेवटी लिहिलं जातं, ते नसलं तर फाइल उघडतच नाही. ती नेमकी त्यांच्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची होती. कॅसेट त्यांनी जपली होती म्हणून मी ती पुन्हा करून देऊ शकलो. तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझी लूप प्रत्येक फाइल आधी ‘अर्धवट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बनवते. एफएफएमपेगने यशाचा संकेत, म्हणजे शून्य, परत दिला तरच ती ‘पूर्ण’ फोल्डरमध्ये हलवते. वगळायचं की नाही हे ‘पूर्ण’ फोल्डर बघून ठरतं. वीज कितीही वेळा जावो, लूप पुन्हा लावली की काम जिथे होतं तिथून पुढे जातं आणि अर्धवट फाइल नव्याने होते.

लूप लिहिताना नेहमी आडव्या येणाऱ्या गोष्टी थोडक्यात सांगतो. फाइलीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर ‘दादाचं लग्न’ या नावातल्या मोकळ्या जागेवर ते दोन नावांत फुटतं. लिनक्स किंवा मॅकवर यादीतून ओळ ओळ वाचणारी लूप असेल तर एफएफएमपेगला ‘नो-एसटीडीइन’ द्या. ते दिलं नाही तर एफएफएमपेग कीबोर्डची वाट बघताना यादीतली पुढची नावंच गिळतं आणि फायली मधूनच गळतात. विंडोजवर बॅच फाइलीत (कमांड लिहून ठेवलेली फाइल) लूपमधल्या बदलत्या नावाआधी टक्क्याचं चिन्ह दोनदा लागतं, थेट कमांडच्या खिडकीत टाइप करताना एकदा. आणि इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांत लिहिलेले दोन्ही विस्तार शोधा, कारण लिनक्सला ते वेगळे वाटतात.

काम संपल्यावर तपासणी, आणि ती टाळू नका. एफएफप्रोब नव्या फायलींवर फिरवा आणि पहिल्या तक्त्याशी कालावधी ताडून बघा. मिनिटभराचा फरक म्हणजे काहीतरी तुटलं. जोडलेल्या तुकड्यांची बेरीज धरून संख्या जुळली पाहिजे. मग प्रत्येक नवी फाइल कुठेही न लिहिता, फक्त चुका दाखवायला सांगून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत डीकोड करून घ्या. यात एक रात्र जाईल, पण एकही ओळ छापली नाही तर फायली धड आहेत. शेवटी प्रत्येक ढिगातल्या काही फायलींचा आरंभ, मध्य आणि शेवट डोळ्यांनी बघा आणि आवाज ऐका.

पेन ड्राइव्हचं विसरू नका. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि तुमच्या एमटीएसच्या ढिगात तासाभराची फाइल सहज त्यापुढे जाईल. टीव्ही वाचत असेल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. नसेल तर फाइल कॉपीनेच दोन भागांत कापा, पुन्हा एन्कोड करू नका.

तारखांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. नव्या फायलीवर आजची तारीख पडते. एव्हीसीएचडीत चित्रणाची खरी तारीख चित्राच्या प्रवाहातच दडलेली असते. एफएफएमपेग ती काढून देत नाही, पण एक्झिफटूल नावाचं साधन ती वाचतं. सगळ्या एमटीएसवर ते एकदा फिरवून मिळालेली तारीख नव्या नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस अशी लावा. मग टीव्हीच्या यादीत लग्नं आणि बारशी आपोआप क्रमाने येतील. डीव्ही आणि डीव्हीडीच्या फायलींना मात्र तुम्हाला आईजवळ बसून विचारावं लागेल. त्याला वेळ लागू द्या.

आज रात्री एमटीएसच्या ढिगापासून सुरू करा. डिस्कचा वेग सोडला तर तिथे अडवणारं काही नाही. एव्हीआयच्या पहिल्या मिनिटाची चाचणी झाली की एफएफप्रोबने त्या फाइलीबद्दल काय सांगितलं ते इथे पाठवा, फील्डचा क्रम मी बघून सांगतो.